दौऱ्यावरचा आवाज: वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरे

गुढीपाडव्यापासून हनुमान जयंतीपर्यंत सोलापूर आणि आसपासच्या अभंग-भक्तिगीत मंडळांना उसंत नसते. चैत्र शुद्ध द्वितीयेला अक्कलकोटला स्वामी समर्थांचा प्रकटदिन, मग रामनवमी, मग गावोगावच्या जत्रा. नेमका याच दिवसांत पारा चाळिशीला टेकतो. गेल्या अंकात आम्ही गायनवृंदांना प्रवासाविषयीचे प्रश्न पाठवायला सांगितलं होतं. त्यांतल्या निवडक प्रश्नांना गायन, तालवाद्यं, ध्वनिव्यवस्था आणि कान-नाक-घसा या विषयांतल्या जाणकारांनी मिळून उत्तरं दिली आहेत. पत्रलेखकांची नावं दिलेली नाहीत.

प्रश्न: आमचा अकरा जणांचा वृंद आहे. तीन पुरुष आणि तीन स्त्रिया गातात, बाकी वादक आणि निवेदक. बार्शी, लातूर, कलबुर्गी आणि विजयपूर असे लागोपाठ चार दिवस चार कार्यक्रम ठरलेत. रोज रात्री घरी परतावं की मुक्काम करावा? दिवस कसा आखावा? (जुळे सोलापूर)

सोलापूरहून बार्शी सत्तर किलोमीटरच्या आसपास, विजयपूर शंभर, कलबुर्गी एकशे दहा आणि लातूर सव्वाशे. सगळी गावं दोन-तीन तासांच्या टप्प्यात आहेत, म्हणून "घरी जाऊन झोपू" हा मोह होतो. बार्शीहून खुशाल परत या. लातूर आणि कलबुर्गीला मात्र मुक्काम करा. कार्यक्रम दहाला संपला, वाद्यं आवरून जेवणं झाली की साडेअकरा होतात. तिथून निघालात तर घरी पोचून अंग टाकेपर्यंत अडीच-तीन. अशा दोन रात्री झाल्या की तिसऱ्या दिवशी आवाज जड येतो, वरचे स्वर ढकलावे लागतात आणि ढकलताना स्वर उतरतो. कलबुर्गीहून सोलापूरला न येता जेवरगी-सिंदगीमार्गे थेट विजयपूर गाठा.

ड्रायव्हरचाही हिशोब यातच धरा. कायद्याने त्याचं काम दिवसाला आठ तासांचं आहे आणि सलग पाच तासांनंतर किमान अर्धा तास विश्रांती द्यावी लागते. दुपारपासून सभागृहाबाहेर तापलेल्या गाडीत ताटकळलेला माणूस रात्री अकराला ताजातवाना नसतो. त्याचं जेवण आणि झोपायची जागा ठरावातच लिहून घ्या.

गाडी पिवळ्या पाटीचीच हवी. ओळखीतल्या कुणाची पांढऱ्या पाटीची गाडी भाड्याने नेली आणि अपघात झाला, तर विम्याचा दावा अडू शकतो. तुमचे दोन कार्यक्रम कर्नाटकात आहेत, तेव्हा गाडीला ऑल इंडिया टूरिस्ट परमिट आहे का, नसेल तर तात्पुरतं परमिट आणि कर्नाटकचा कर आधी भरलाय का, हे बुकिंग करतानाच विचारा. सीमेवर गाडी अडली तर साउंड चेकचा वेळ हातचा जातो.

दिवस नेहमी उलटा मोजत आखावा. पडदा साडेसहाला असेल तर पावणेसहाला कपडे आणि शांत बसणं, पाचला गळा तापवणं, साडेतीन ते पावणेपाच साउंड चेक, तीनला सभागृहात. म्हणजे लातूरसाठी सोलापूर साडेअकराला सोडायचं आणि पाऊणच्या सुमाराला वाटेत जेवायचं. चारनंतर भरपेट काही नको.

आता गाडीतल्या गोष्टी. चालत्या गाडीत माणूस नकळत आवाज चढवून बोलतो, कारण त्याला इंजिन, टायर आणि वाऱ्याच्या वर ऐकू जायचं असतं. बोलताना स्त्रियांच्या स्वरपट्ट्या सेकंदाला सुमारे दोनशे वेळा एकमेकींवर आपटतात, पुरुषांच्या शंभर-सव्वाशे वेळा. तासभर सलग बडबड म्हणजे स्त्रीच्या गळ्याला सात लाखांहून जास्त आघात, आणि तेही चढ्या आवाजात. म्हणून जाताना गाडीत भेंड्या बंद. हे ऐकायला कठोर वाटतं, वृंदातल्या हौशी मंडळींना ते रुचतही नाही, पण एवढा एकच नियम पाळला तरी संध्याकाळच्या गाण्यात फरक ऐकू येतो. परतीच्या वाटेवर, दुसऱ्या दिवशी कार्यक्रम नसेल तर, हवं तितकं गा.

अकरा जणांसाठी सतरा सीटची टेम्पो ट्रॅव्हलर घ्या. मागच्या सीटवर वाद्यं ठेवा, टपावरच्या कॅरिअरवर एकही वाद्य नको. एसीचा झोत थेट तोंडावर घेऊ नका, जाळी वर वळवा आणि गळ्याला सुती ओढणी किंवा उपरणं असू द्या. खिडकी उघडून धूळ खाण्यापेक्षा सव्वीस-सत्तावीस अंशांवरचा एसी बरा.

प्रश्न: प्रवासात आम्ही बायका पाणी पीतच नाही, कारण वाटेत स्वच्छतागृहाची खात्री नसते. याचा गळ्यावर परिणाम होतो का? (एक वाचक भगिनी, सात रस्ता)

होतो, आणि ताई, हा प्रश्न तुम्ही विचारलात हे फार बरं झालं. वृंदाच्या बैठकांत तो कुणी काढत नाही, आणि स्त्रियांचे आवाज कार्यक्रमाच्या उत्तरार्धात कोरडे का पडतात याचं कोडं मात्र सगळ्यांना पडतं.

प्यालेलं पाणी अन्ननलिकेत जातं, स्वरपट्ट्यांना ते शिवतही नाही. ते रक्तातून फिरून पट्ट्यांवरचा पातळ ओलावा राखतं आणि त्याला काही तास लागतात. त्यामुळे पडद्याआधी दोन ग्लास ढोसून दिवसभराची तहान भरून निघत नाही. सकाळपासून दर अर्ध्या-पाऊण तासाला चार-पाच घोट, हाच उपाय.

ते जमायचं तर थांबे आधी ठरलेले हवेत. दर सव्वा तासाला एक थांबा, कुणी मागितला नाही तरी. महामार्गावरच्या मोठ्या पेट्रोल पंपावर किंवा बऱ्यापैकी हॉटेलात थांबा आणि जागा चांगली निघाली तर गाडीतल्या वहीत नोंदवा, पुढच्या फेरीला उपयोगी पडते. आयोजकांनाही चार गोष्टी आधीच लेखी कळवा: स्त्रियांसाठी वेगळी खोली, आतून लागणारी कडी, आरसा-दिवा आणि वाहत्या पाण्याचं स्वच्छतागृह. गावातल्या मैदानावर खोली नसेल तर शेजारच्या शाळेची किंवा घराची सोय करायला सांगा. मंडपामागे चादर धरून कपडे बदलायची वेळ कुणावर येऊ देऊ नका.

प्रश्न: उन्हाळ्यात तबला चढतो, पेटी मात्र चढत नाही. मैफलीत दोन्ही जुळवताना नाकी नऊ येतात. पखवाजाच्या डाव्या तोंडावर लावलेली कणीकही सुकते. (मंगळवेढा)

कारण साधं आहे. पुडी, म्हणजे तबल्याच्या तोंडावरचं आवरण, चामड्याची असते. कोरड्या उष्ण हवेत तिच्यातला ओलावा उडतो, ती ताणली जाते आणि तबला चढतो. पेटीचे सूर, म्हणजे आतल्या आवाज देणाऱ्या पट्ट्या, पितळेचे असतात, उष्णतेने ते अगदी किंचित उतरतात. दोघं उलट दिशांना जातात. शिवाय सोबत बासरी असेल तर तीही गरम हवेत चढते.

बंद गाडीच्या डिकीत दुपारी भट्टी पेटलेली असते. तिथे तासभर राहिलेल्या तबल्याची शाई (पुडीवरचा काळा गोल थर) तडकते, कधी पुडीच फाटते. तबला माणसांसोबत आत ठेवा, जाड कापडी पिशवीत, कडेला सुती पंचा गुंडाळून. निघण्याआधी गठ्ठे (कडेचे लाकडी ठोकळे) थोडे वर सरकवून वादी (पुडी ताणणारा चामडी पट्टा) सैल करा. पोचल्यावर लगेच हातोडी घेऊ नका. वाद्य उघडून रंगमंचावरच अर्धा तास राहू द्या, तिथल्या हवेला बसलं की जुळवा. मोठे दिवे लागल्यावर ते पुन्हा चढतं, म्हणून शेवटची जुळवणी दिवे लावून करा. एसी सभागृहातून मैदानावर गेलात तर हे सगळं पुन्हा पहिल्यापासून.

एका तबल्याला त्याच्या मूळ स्वरापासून अर्ध्या स्वरापलीकडे ओढू नका. दोन पट्ट्यांत गाणी असतील तर दोन तबले न्या.

पखवाजाची कणीक आदल्या दिवशी मळून नेऊ नका, आंबते आणि चिकट होते. कोरडं गव्हाचं पीठ डब्यात न्या आणि साउंड चेकच्या वेळी पोळीच्या कणकेपेक्षा थोडं सैल मळा. धुमावर, म्हणजे पखवाजाच्या डाव्या तोंडावर, लावताना मध्ये जाड आणि कडेला पातळ ठेवा. कोरड्या हवेत मध्यंतरात बोटाने पाणी लावावं लागतं, नाहीतर खर्ज पातळ होतो. कार्यक्रम संपताच कणीक खरवडून काढा आणि ओलसर फडक्याने पुसा. रात्रभर राहिली तर वाळते आणि सकाळी काढताना चामडं सोलतं.

पेटीचा एखादा सूर प्रवासानंतर बोलेनासा झाला तर बहुतेक वेळा जिभेखाली धुळीचा कण अडकलेला असतो. वरची फळी काढा, तो सूर शोधा, पातळ कागदाची पट्टी जिभेखालून हळूच सरकवा आणि भाता मारून पाहा. पात्याने खरवडू नका. टोकाकडचं पितळ कमी झालं की सूर चढतो, बुडाकडचं कमी झालं की उतरतो, आणि मग दुरुस्ती कारागिराकडेच होते.

प्रश्न: सहा गायकांना चार माइक मिळतात. मॉनिटर (रंगमंचावर गायकांकडे तोंड केलेला स्पीकर) वाढवला की शिट्टी, कमी केला की एकमेकांचं ऐकू येत नाही. साउंड चेकला अर्धा तासच मिळतो. काय करावं? (बार्शी)

पहिली मागणी सहा माइकची करा, आणि ती महिनाभर आधी. दोघांनी एक माइक वाटून घेतला की तोंड आणि माइक यांच्यातलं अंतर दुप्पट होतं. अंतर दुप्पट झालं की आवाज सहा डेसिबलने घटतो. तो भरून काढायला साउंडवाला गेन (मिक्सरवर माइकचा आवाज किती मोठा घ्यायचा ते) वाढवतो आणि शिट्टी तिथेच जन्माला येते. चारच मिळणार असतील तर मुख्य गाणाऱ्या दोघांना स्वतंत्र माइक द्या आणि साथीच्या चौघांना दोन. सगळ्यांना सारखं वाटण्याचा आग्रह इथे सोडावा.

तोंडापासून माइक दहा-पंधरा सेंटिमीटर ठेवा आणि शेजारच्याचा माइक त्या अंतराच्या किमान तिप्पट लांब असू द्या, नाहीतर एकच आवाज दोन माइकमध्ये शिरून पोकळ ऐकू येतो. आपल्याकडे सगळीकडे दिसणारा शुअरचा एसएम ५८ किंवा तसाच माइक मागच्या बाजूने सगळ्यात कमी ऐकतो. म्हणून मॉनिटर बरोबर माइकच्या पाठीमागे, गाणाऱ्याच्या समोर हवा. तो बाजूला सरकला की शिट्टीला वाट मिळते. जाळी मुठीत धरली तरी तेच होतं. पखवाज आणि तबला वृंदाच्या दोन टोकांना बसवा. मध्ये बसवलेत तर गायकांच्या माइकमधूनही तेच वाजतात आणि मिक्सरवर काही केल्या कमी होत नाहीत.

अर्ध्या तासाचा साउंड चेक असा करा. कोण कुठे बसतं, कुणाला कोणता माइक, हे एका कागदावर काढून गाडीतून उतरतानाच साउंडवाल्याच्या हातात द्या. पहिली पाच मिनिटं नुसती वायर तपासणी. मग तबला आणि पखवाज मिळून पाच मिनिटं, पेटी दोन, प्रत्येक गायक एक-एक मिनिट. उरलेल्या वेळात सगळ्यांनी मिळून गजर म्हणा. गजरच का? चेकला सगळे हळू गातात, कार्यक्रमात "विठ्ठल विठ्ठल" चढत्या लयीत आलं की आवाज कितीतरी वाढतो आणि तेव्हा मिक्सर फाटका वाजू लागतो. गेन सगळ्यात मोठ्या आवाजावरच लावून घ्यायचा असतो. मॉनिटरमध्ये आधी पेटी आणि तंबोरा घ्या, मग स्वतःचा आवाज, तालवाद्यं शेवटी. एको मॉनिटरमध्ये अजिबात नको, त्याने सुराचा अंदाज चुकतो.

स्पीकरमधून घूं असा सलग आवाज येत असेल तर तो ५० हर्ट्झचा विजेचा गुणगुणाट आहे. मिक्सर आणि तंबोऱ्याचा अडॅप्टर वेगवेगळ्या बोर्डांवर लावले की तो येतो. ध्वनीची सगळी यंत्रं एकाच बोर्डावर घ्या, दिवे दुसऱ्यावर. काही जण प्लगची अर्थिंगची पिन काढून टाकतात. आवाज जातो खरा, पण लोखंडी माइकला ओठ लावणाऱ्याला शॉक बसू शकतो. हे कुणालाही करू देऊ नका. जनरेटर असेल तर दिवे लावून व्होल्टेज मोजायला सांगा, २२० ते २४० मध्ये असावं.

प्रश्न: स्त्री-पुरुष एकत्र गातात तेव्हा पट्टी कोणती धरावी? (विजापूर रोड)

पुरुष साधारण काळी एक-दोनमध्ये (पेटीची पहिली-दुसरी काळी पट्टी सा धरून) आणि स्त्रिया काळी चार-पाचमध्ये मोकळ्या गातात, हा पेच प्रत्येक वृंदाचा आहे. वृंदाची म्हणून एकच पट्टी ठरवू नका, प्रत्येक गाण्याचा सगळ्यात वरचा स्वर बघून ठरवा. मंद्र पंचम ते तार षड्ज (खालच्या सप्तकातला प ते वरच्या सप्तकातला सा) एवढ्यात फिरणारी चाल काळी एकमध्ये दोघांनाही, एका सप्तकाच्या अंतराने, सोपी जाते. तीच चाल तार मध्यम-पंचमापर्यंत गेली तर स्त्रियांना ओरडावं लागतं. मग वरची ओळ पुरुषांना द्या किंवा ते गाणं स्त्रियांच्या पट्टीत घेऊन पुरुषांनी फक्त ध्रुवपदाला खालून साथ करावी. दौऱ्याच्या तिसऱ्या-चौथ्या दिवशी अवघड गाणी अर्ध्या स्वराने खाली घेण्यात काहीही कमीपणा नाही.

प्रश्न: दही, गार पाणी, शेंगा चटणी, भजी यांतलं काय वर्ज्य? आवाज बसला तर खडीसाखर, ज्येष्ठमध, वाफ यांतलं काय खरं? (अक्कलकोट)

गार पाण्याने स्वरपट्ट्या बसत नाहीत. ज्याला त्रास होतो त्याने टाळावं, इतरांवर बंदी नको. दह्याचंही तेच. खरा शत्रू आहे कार्यक्रमानंतरचं रात्री साडेअकराचं जेवण. आयोजक प्रेमाने पुरी, मसालेदार भाजी, भजी आणि जिलबी वाढतात. आपण पोटभर जेवून लगेच आडवे होतो आणि झोपेत पोटातलं आम्ल घशापर्यंत चढतं. सकाळी घसा खवखवतो, सारखा खाकरावासा वाटतो, आवाज तासभर उघडत नाही, आणि दोष मात्र गार पाण्यावर जातो. आयोजकांना रात्री मऊ खिचडी किंवा भाकरी-वरण आधीच सांगा, थोडंच खा आणि उशी उंच घ्या.

कडक भाकरी आणि शेंगा चटणी प्रवासासाठी उत्तम, आठवडाभर टिकते. फक्त गाण्याआधी दोन तास ती नको, कोरडा भुगा घशात जाऊन ठसका लागतो.

गुळण्या घशापर्यंतच पोचतात, स्वरपट्ट्यांपर्यंत नाही. वाफ मात्र पोचते. साध्या गरम पाण्याची, पाच-दहा मिनिटं घ्या, त्यात मलम टाकू नका. खडीसाखर आणि ज्येष्ठमधाने लाळ सुटते, घसा निवतो, एवढाच त्यांचा उपयोग. रक्तदाब असलेल्यांनी ज्येष्ठमध रोज चघळू नये, त्याने दाब वाढतो. पेपरमिंटच्या तीव्र गोळ्यांनी घसा बधिर होतो आणि आपण किती ताण देतोय ते कळत नाही.

बसलेल्या आवाजाला गप्प राहणं हे पहिलं औषध. कुजबुजणं म्हणजे विश्रांती नाही, अनेकांचा गळा त्यात उलट आवळला जातो. थोडा बरा वाटला की पातळ स्ट्रॉ ओठांत धरून तिच्यातून हलक्या आवाजात सा ते प घसरत म्हणा, दिवसातून तीन-चारदा, दोन-दोन मिनिटं. गाताना अचानक आवाज फाटून गेला तर त्या रात्री पुढे गाऊ नका आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय ॲस्पिरिन घेऊ नका. स्वरपट्टीवर रक्त साकळलं असेल तर त्याने ते वाढतं. घोगरेपणा तीन आठवड्यांहून जास्त टिकला तर कान-नाक-घसा तज्ज्ञांकडून दुर्बिणीने तपासणी करून घ्या.

या सगळ्यासाठी प्रत्येक मुख्य गाण्याला दुसरा तयार गायक हवा. दौऱ्यावर निघण्याआधी एक तालीम तरी अदलाबदलीची करा.

प्रश्न: सत्कार-भाषणांत वेळ जातो आणि दहाला माइक बंद करावा लागतो. भैरवी राहून जाते. (पंढरपूर)

ध्वनिप्रदूषणाच्या २०००च्या नियमांनुसार रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिक्षेपक चालत नाही. वर्षातल्या ठरावीक दिवशीच राज्य सरकार बारापर्यंत सूट देतं. बंदिस्त सभागृहाला ही अडचण नाही. मैदानावर दीपप्रज्वलन, शाल-श्रीफळ आणि मनोगतं पाऊण तास खातात हे गृहीत धरूनच या. गाण्यांच्या दोन याद्या ठेवा, एक पूर्ण आणि एक चार गाणी गाळलेली. सव्वानऊला निवेदकाने घड्याळ बघून कोणती चालवायची ते पेटीवाल्याला खुणेने सांगावं. भैरवीला नऊ पन्नासला हात घालायचाच, मधलं काहीही सोडावं लागलं तरी.

प्रश्न: मानधन कसं ठरवावं आणि वाटावं? संतांचे अभंग गायला परवानगी लागते का? (होटगी रोड)

गाडी, टोल, ड्रायव्हरचा भत्ता, मुक्काम आणि जेवण यांचा खर्च मानधनात धरलाय की वेगळा, हे कागदावर हवं. अर्धी रक्कम तारीख पक्की करताना घ्या, उरलेली रंगमंचावर जाण्याआधी. आधी खर्च वजा करा, मग दहावा हिस्सा पुडी, वायरी आणि दुरुस्तीसाठी बाजूला काढा आणि मग वाटा. चाळीस हजार मिळाले आणि चौदा हजार खर्च झाला, तर सव्वीसमधून दोन हजार सहाशे ठेवून तेवीस हजार चारशे वाटायचे. निवेदकाला आणि वाद्यं उचलणाऱ्या मुलाला यातून वगळू नका.

ज्ञानोबा-तुकोबांच्या शब्दांवर कुणाचा हक्क नाही. चालीवर मात्र संगीतकाराच्या हयातीत आणि त्यानंतर साठ वर्षं हक्क असतो. प्रसिद्ध चाली आणि चित्रपटगीतं तिकिटाच्या कार्यक्रमात गाणार असाल, तर आयपीआरएस या गीतकार-संगीतकारांच्या हक्क सांभाळणाऱ्या संस्थेचा परवाना आयोजकांनी काढायचा असतो. तो काढलाय का, हे ठराव करतानाच विचारून घ्या.